साऱ्या तालुक्याचा एकच नंबर

माझ्या थोरल्या दिराचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून गावी आला. नोकरी सोडली हे त्याचं म्हणणं. नोकरीनंच त्याला सोडलं असणार हे माझं म्हणणं, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं होतं. तो हसला. हा मुलगा कशावरही हसतो. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं की हा काहीतरी खूळ काढणार आणि ते माझ्या डोक्यावर येऊन बसणार.

खूळ असं होतं की कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यातले सगळे धंदे इंटरनेटवर आणायचे. सुतार, गवंडी, जीपवाला, मध काढणारा, सगळ्यांची नावं, फोटो, नंबर, वेळा. डिरेक्टरी म्हणायचं त्याला.

"काकी, माणसाला सुतार पाहिजे. बोट लावलं की सुतार समोर."

"आत्ता काय करत्यात मग?"

"आत्ता विचारत फिरतात."

"आन सुतार मिळत न्हाई व्हय?"

"मिळतो. पण विचारावं लागतं ना!"

विचारणं हा काही आजार आहे आणि त्यावर ह्यानं औषध काढलंय, अशा थाटात तो बोलत होता.

माझं दुकान जोयड्याच्या स्टँडसमोर आहे. वह्या, साबण, बिस्किटं, मोबाईलचं रिचार्ज. हे झालं पाटीवरचं. खरं काम निरोपांचं, आणि त्याला कुणी काही देत नाही. दिग्गीच्या बाजूच्या रानातल्या गावांत मोबाईल घरटी आहेत. त्यात गाणी आहेत, नातवंडांचे फोटो आहेत, रेंज तेवढी नाही. रेंजसाठी कुणी टेकडीवर चढतं, कुणी आंब्याच्या फांदीवर. म्हणून तिकडच्या माणसाला कुठंही नंबर विचारला की तो माझा सांगतो. शाळेत माझा, रेशनला माझा, दवाखान्यात माझा, गोव्याला कामाला गेलेल्या पोरांच्या मुकादमाकडंही माझाच. फोन आला की मी दुपारच्या जीपवाल्याला सांगते, आणि तो गाव येईल तसा खिडकीतून ओरडत निरोप वाटत जातो. आलेला निरोप मी दुसऱ्या दिवसावर ठेवत नाही. जीप चुकली तर बसच्या कंडक्टरला गाठते, तोही नसला तर त्या वाटेनं चालत निघालेल्या कुणाला तरी. ह्या हट्टावरून नवऱ्याचं मला खूप वेळा बोलून झालंय.

आता मुलाचं. वय तिशीच्या पुढं गेलेलं. दिराचं घर त्याच रानातल्या एका गावात, आणि त्या गावाला कुणी मुलगी देत नाही. पावसाळ्यात रस्ता बंद, दवाखाना लांब, फोन लागत नाही. घरटी एखादा तरी बिनलग्नाचा बसलेला आहे. आमच्या ह्या दिवट्याला मात्र खानापूरकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगी बघून झाली होती. ह्याला ती इतकी पसंत होती की परत येताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघून एकटाच हसत होता. मुलीनंही नाही म्हटलं नव्हतं. तिच्या वडिलांनी घर बघायला यायचं तेवढं राहिलं होतं. मध्यस्थानं त्यांना ठोकून दिलं होतं की मुलाची स्वतःची ऑनलाईन कंपनी आहे. म्हणजे ते यायच्या आत कंपनी उभी राहायला हवी होती.

थोरली जाऊ मुद्दाम दुकानात आली. माझा हात धरून म्हणाली, "येवडं जमू दे गं बाई. तुझं त्वांड तेवडं आवर."

मी आवरते म्हणाले.

तो पावसाळाभर गावोगाव हिंडला. मोटारसायकल चिखलात ठेवायची आणि पुढं चालत. माणसं लावणीत वाकलेली, हा बांधावर उभा राहून विचारणार, "तुमचा व्यवसाय काय?" एका म्हाताऱ्यानं उलट विचारलं, "पावसाळ्यात इचारतोस का उन्हाळ्यात?" त्याचं बरोबर होतं. तो पावसात भात लावतो, मग बांबूच्या बुट्ट्या विणतो, कंद खणून विकतो, लग्नसराईत बँडमध्ये ढोल बडवतो आणि उन्हाळ्यात मधामागं जातो. ह्याला कुठल्या रकान्यात घालणार? 'इतर' नावाचा एक रकाना होता, त्यात घातला. असं करत करत जवळजवळ सगळा तालुका 'इतर'मध्ये जाऊन बसला. बाहेर राहिले सुतार, गवंडी, सुईण, जीपवाले असे थोडेच, आणि ढोल आहे म्हणून 'बँड' अशी वेगळी नोंद झालेला तोच म्हातारा.

वेळांचा घोळ आणखी वेगळा. कॉम्प्युटरनं आपल्या मनानं सगळ्यांना एकच वेळ लावली होती. मी वाचत गेले आणि एका ठिकाणी थांबले. सुईण : सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, रविवारी बंद.

"हे काय रं?"

"ते डिफॉल्ट आहे, काकी. बदलतो नंतर."

"बदलू नको. बायकांनाच सांग, डिफॉल्टात बाळंत व्हा म्हणून."

तो हसला. मग मी नंबर बघितले आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सुताराचा नंबर माझा. बँडचा माझा. सुईणीचा माझा, गवंड्याचा माझा, मध काढणाऱ्याचा माझा. ह्यानं रीतसर विचारलं होतं, त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं होतं, आणि ह्यानं लिहून घेतलं होतं. कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

"आरं, ही डिरेक्टरी हाय का माझी जन्मकुंडली?"

"काकी, ह्याला सिंगल विंडो म्हणतात. शहरात ह्याच्यासाठी वेगळी माणसं ठेवतात."

"पगार देऊन ठेवत्यात," मी म्हणाले.

उद्घाटन खंडेनवमीला ठेवलं. त्या दिवशी आमच्याकडं कोयते, नांगर, जीप, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा होते, तेव्हा लॅपटॉपचीही होऊन जाईल हा हिशेब. हॉलमध्ये टेबलावर लॅपटॉप ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. हाराच्या वजनानं कुठली तरी बटणं दाबली गेली आणि पडद्यावर कुणाच्या तरी साखरपुड्याचा व्हिडिओ सुरू झाला. तो बंद करेपर्यंत पाहुणे आले. पाहुणे म्हणजे आमच्याकडचे एक पुढारी. उद्घाटनाला बोलावलं की ते स्मशानाच्या पत्र्याचंही उद्घाटन करतात आणि उपस्थितांना लाभ घ्या म्हणून सांगतात. त्यांनी बटण दाबायचं होतं, पण नेट गेलं. मग पोरानं वेबसाईटचा नुसता फोटो लावून ठेवला, पुढाऱ्यांनी फोटोवर बोट दाबलं, आणि टाळ्या पडल्या. भाषणात ते म्हणाले, सुपाच्या धरणानं राज्याला उजेड दिला, आता ही डिरेक्टरी आपल्या तालुक्याला उजेडात आणणार. तेवढ्यात लाईट गेली. धरणासाठी ज्यांची गावं बुडाली अशी दोन-चार माणसं मागच्या बाकावर होती. त्यांनीच आधी मोबाईलच्या बॅटऱ्या लावल्या, कारण त्यांना सवय आहे.

मग जाहिरात. जीपांच्या पाठीवर ते काळ्यापांढऱ्या चौकटींचे स्टिकर लावले, मोबाईल धरला की डिरेक्टरी उघडते म्हणे. जीप एक खेप करून आली की त्यावर तांबड्या चिखलाचा थर. रामनगरच्या बाजारात पत्रकं वाटली. माझ्या माहेरच्या लोकांनी ती जपून ठेवली, कारण भज्यांच्या गाडीवर कागद संपला होता. एका टेंपोला भोंगा बांधून कानडीत आणि मराठीत ओरडत फिरवलं, 'आपला तालुका आपल्या बोटावर.' दुपारी बायका दुकानात येऊन मला विचारायला लागल्या, जनावरांना लस टोचायला आलेत का. मी म्हणाले व्हय, बांधून ठेवा.

डिरेक्टरी चालू झाली आणि माझे हाल सुरू झाले. हुबळीचा एक गृहस्थ विचारी, होमस्टेला स्विमिंग पूल आहे का. मी म्हणाले, धरण हाय, पण दार उघडलं तर आमची जबाबदारी न्हाई. कुठल्या तरी शहरातली एक गोड आवाजाची पोरगी रोज कर्ज घ्या म्हणून फोन करायची. तिच्याकडं सगळी यादी होती, आणि ती एकेक करत खाली येत होती. आधी बँडच्या मालकांना मागितलं, मग सुतारकामाच्या मालकांना. सुईणीपाशी आली तेव्हा तिनं विचारलं, "आप अपना बिज़नेस बढ़ाना चाहती हैं?" मी म्हणाले, "बाई, वो मेरे हाथ में नहीं है."

तालुक्यातल्या माणसानं मात्र एकदाही डिरेक्टरी बघून फोन केला नाही. ज्याला सुतार पाहिजे तो दुकानात येऊन सुतार विचारायचा. खुद्द कंपनीच्या मालकाची मोटारसायकल बंद पडली तेव्हा तोही ढकलत माझ्याकडंच आला आणि म्हणाला, "काकी, मेकॅनिक कुठं असेल आत्ता?" मी कपाळावर हात मारला आणि सांगितलं कुठं असेल ते.

असाच एक दिवस होता. कर्जवाल्या पोरीचा फोन दोनदा येऊन गेलेला, माझं डोकं फिरलेलं. दिवाळी झाली होती, तुळशीचं लग्न जवळ आलं होतं. फोन वाजला. पुरुषाचा आवाज, सावकाश बोलणारा.

"बँड हाय का?"

"हाय, पर हितं न्हाई. कवा पायजे सांगा, निरोप धाडते."

"अजून ठरायचं हाय. बरं, ही डिरेक्टरी काढनारा पोरगा कसा काय हाय वो?"

"खुळा हाय," मी म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हंजे खुळा. बरी नोकरी हुती, ती घालवली. आता रानात फिरून कोन काय करतंय ते लिवतोय. पायाला जळवा लावून येतोय आन माझ्या फरशीवर रगात सांडतोय. एक पैसा कोन देत न्हाई, तरी परत जातोय."

"पितो का?"

"च्या पितो. माझा. फुकट."

पलीकडं माणूस हसल्यासारखा वाटला. फोन ठेवला. मी विसरून गेले.

एक-दोन दिवसांनी परत तोच आवाज. ह्या वेळी सुतार पाहिजे होता.

"तुमीच न्हवं का परवा बँड मागत हुता?" मी विचारलं.

"तुमीच न्हवं का बँडवाल्या?"

"मी कोनबी न्हाई. काम सांगा."

काम त्यांनी सांगितलंच नाही. त्या बाजूची घरं पक्की आहेत का, पावसाळ्यात रस्ता राहतो का, पाणी विहिरीचं की नळाचं, हे विचारत बसले. मी म्हणाले, तुम्हाला सुतार पाहिजे का गाव पाहिजे? त्यांनी फोन ठेवून दिला.

तिसऱ्यांदा त्यांनी सुईण मागितली.

मी लगेच पाटी-पेन्सिल ओढली. सुईणीच्या निरोपात मी चेष्टा करत नाही. "कोन अडलंय? गाव कुठलं?"

"कोन अडलं न्हाई," तो माणूस म्हणाला. "अजून लगीनच व्हायचं हाय. पोरीचं. म्या खानापूरकडचा."

मी पेन्सिल खाली ठेवली.

आमच्याकडं मुलगी द्यायच्या आधी चौकशी करतात, आणि ती मुलाच्या घरच्यांना कळू न देता करायची असते. पूर्वी मुलीकडचा माणूस स्टँडवर उतरायचा, न्हाव्याकडं दाढी करायचा, हॉटेलात चहा घ्यायचा, गिरणीत उगीच उभा राहायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचा. ह्या गृहस्थांना घरात बसून सगळा तालुका मिळाला होता. आमच्या शहाण्यानं स्वतःच्या चौकशीची सोय स्वतःच करून ठेवली होती, आणि ती सगळी चौकशी त्याच्या सख्ख्या चुलतीच्या कानात येत होती.

"म्या त्याची चुलती," मी सांगून टाकलं.

"वळखलं म्या," ते म्हणाले. "येवड्या शिव्या परक्याला कोन देत न्हाई. पोरगा चांगला हाय, त्येचं काय न्हाई. पर ताई, एक सांगा. बँडवाल्याचा नंबर तुमचा. सुताराचा तुमचा. सुईणीचा तुमचा. माझी पोर तितं नांदाय आली तर तिचाबी ह्योच नंबर का?"

खोटं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. टॉवर येणार आहे, एवढं म्हणायचं. ते पूर्ण खोटंही नव्हतं. टॉवरसाठी खड्डा खणलेला आहे, मागच्या निवडणुकीआधी. त्यात आता बेडूक आहेत. जावेनं धरलेला हात मला आठवत होता. पण मी ते वाक्य बोलू शकले नाही, कारण त्या गावात मी राहिलेली आहे.

लग्न होऊन मी रामनगरहून थेट त्या रानातच आले. तेव्हा जोयड्यात आता माझं दुकान आहे तिथंच दुसऱ्या एकाचा फोनचा बूथ होता. माझे वडील गेले तेव्हा भावानं त्या बूथवर फोन केला. बूथवाल्यानं निरोप घेतला आणि पाऊस आहे, जीप जात नाही म्हणून ठेवून दिला. पुढं जीप सुरू झाली तेव्हा निरोप मिठाच्या पिशवीबरोबर आला. मी माहेरी पोचले तर अंगणात दहाव्याची भांडी घासत होते. लोकांनी माझ्याकडं जसं बघितलं ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. परत आल्यावर नवऱ्याला सांगितलं की मी त्या गावात आता राहणार नाही. आम्ही जोयड्यात आलो. पुढं बूथवाला गेला, जागा मी घेतली, नंबर तोच ठेवला. राग अजून आहे. बूथवाल्याचा आहे, रस्त्याचा आहे, टॉवरवाल्यांचा आहे, आणि आमचा तालुका बोटावर आला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

हे सगळं मी त्या परक्या माणसाला फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाले, "व्हय. तिचाबी ह्योच नंबर. पर माझ्याकडं आलेला निरोप त्याच दिवशी जातो, येवडं म्या सांगते."

ते म्हणाले, पोरीला विचारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. ह्या वेळी त्यांनी कुणालाच मागितलं नाही.

"ताई, पोरगी म्हनती, त्या बाई सोता त्या गावात ऱ्हायल्या न्हाईत. मग मी कशी ऱ्हाऊ?"

आयुष्यभर सगळ्यांना टाकून बोलत आले. त्या मुलीनं मला न बघता माझं तोंड बंद केलं.

"न्हाई म्हनून कळवा," ते म्हणाले. "पोराबद्दल वाईट कायबी न्हाई, तेबी सांगा. मध्यस्थाला सांगितलं असतं, पर त्यो कवा पोचवंल कुनास ठावं. तुमच्याकडनं आजच जातंय म्हनालात, म्हनून तुमास्नी सांगितलं."

दुपारची जीप लागली. जीपवाल्यानं खिडकीतून नेहमीसारखं विचारलं, "मावशी, काय निरोप?" गाव येईल तसा तो ओरडत जातो. हा निरोप तो वडाखाली जीप थांबवून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला असता, त्याचा दोष नाही. मी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"मावशी, दुकान बंद करून?"

"तू गाडी चालव."

वाटेत एका चढावर तो थांबला, तेव्हा मी उतरून पदरानं मागच्या स्टिकरवरचा चिखल पुसला. का पुसला ते मला सांगता येणार नाही. वळणापर्यंत तो परत माखला असणार.

घरापाशी पोचले तर पोरगा ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन कुणाचे तरी फोटो नीट लावत होता. मला बघून उठला. मी दुकान टाकून कधी येत नाही हे त्याला माहीत आहे.

"काकी? फोन आला काय कुणाचा?"

सबंध वाटेत मी शब्द जुळवून ठेवले होते. त्यातला एकही तोंडात आला नाही.

"बँडवाल्याला फोन आला हुता," मी म्हणाले.

"डिरेक्टरी बघून?"

"व्हय."

"लांबनं?"

"लांबनं."

त्यानं लॅपटॉप खाली ठेवला आणि आत तोंड करून ओरडला, "आई, फोन आला! डिरेक्टरी बघून! बँडवाल्याला!" त्याचा चेहरा त्या दिवशी बसमध्ये होता तसा झाला होता.

जाऊ भाताचं पाणी लागलेले हात पुसत बाहेर आली. तिनं मुलाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं रस्त्यावर वळणाऱ्या जीपकडं बघितलं.

"बँड?" ती म्हणाली. "कुनाचं लगीन हाय गं?"

"कुनाचंच न्हाई, अक्का," मी म्हणाले.